हरलेल्यांचंही म्हणणं वाचून घ्या : मार्क्सवादाचे अभ्यासवर्ग घेणाऱ्या कॉम्रेड्सना खुलं पत्र

कॉम्रेड्स,

तुमच्या अभ्यासवर्गात 'मार्क्सवादातले प्रवाह' हा विषय नेहमी शेवटी येतो. वरकड मूल्य झालं, वर्गसंघर्ष झाला, राज्यसंस्था झाली, की उरलेल्या तासाभरात फळ्यावर नावं पडतात. जर्मनीचा बर्नस्टाइन : दुरुस्तीवादी, म्हणजे क्रांतीऐवजी सुधारणा मागणारा. जर्मन पक्षाचा सिद्धांतकार काउत्स्की : आधी गुरू, मग गद्दार. लेनिनचा रशियन सहकारी आणि पुढे विरोधक मार्तोव्ह : डळमळीत. जर्मनीतली क्रांतिकारक रोझा लुक्झेंबर्ग : थोर, पण चुकलेली. ट्रॉट्स्कीपुढे काय लिहायचं हे वक्ता कुठल्या पक्षाचा त्यावर ठरतं. ग्राम्शीचं नाव सगळेच आदराने घेतात, फ्रँकफर्टच्या संशोधनसंस्थेतल्या विचारवंतांना 'खुर्चीतले क्रांतिकारक' म्हणून निकालात काढतात, आणि वेळ संपते.

शिक्के मारायला माझी हरकत नाही. राजकारणात बाजू घ्यावी लागते आणि बाजू घेतली की समोरच्याला नावं ठेवली जातातच. हरकत याला आहे की ज्याच्यावर शिक्का मारला त्याचं एक पानही वर्गात कुणी उघडत नाही. काउत्स्की आपल्याला ठाऊक आहे तो लेनिनच्या तोंडून, बर्नस्टाइन रोझाच्या तोंडून, आणि खुद्द रोझा ठाऊक आहे ती लेनिनने काढलेल्या तिच्या चुकांच्या यादीतून. फिर्यादीचं भाषण ऐकायचं, आरोपीचा जबाब नोंदवायचाच नाही आणि निकाल मात्र पाठ करायचा, असला हा खटला आहे. म्हणून एकच मागणी घेऊन हे पत्र लिहितोय : कुठलाही वाद शिकवताना हरलेल्या बाजूचा मूळ मजकूर आधी वाचून घ्या, खंडन त्यानंतर.

ही मागणी सौजन्यापोटी नाही. मूळ मजकूर वाचला की कळतं, यातले बरेच वाद मार्क्स-एंगेल्सच्याच लिखाणात अर्धवट राहिलेल्या प्रश्नांतून उगवलेत आणि दोन्ही बाजूंना त्यांच्याच पानांतून पुरावा मिळतो.

एंगेल्सपासून सुरुवात करू, कारण त्याच्याबद्दल निदान आपल्यात भांडण नाही. मार्क्सच्या 'फ्रान्समधील वर्गसंघर्ष' या लेखमालेची नवी आवृत्ती १८९५ साली जर्मनीत निघाली आणि तिला एंगेल्सने प्रस्तावना लिहिली. रस्त्यात अडथळे रचून सैन्याशी लढायचे १८४८ चे दिवस मागे पडले, मताधिकार हे कामगारांच्या हातातलं नवं हत्यार आहे, हा त्या प्रस्तावनेचा एक धागा. पण म्हणून पुढे रस्त्यावरच्या लढाईला स्थानच उरणार नाही का, असा प्रश्न स्वतःच विचारून त्याने 'तसं मुळीच नाही' असं उत्तरही दिलं होतं. त्या सुमारास राइशटाग या जर्मन संसदेपुढे समाजवाद्यांच्या मुसक्या बांधणारं एक नवं विधेयक आलं होतं. बर्लिनमधल्या पक्षनेत्यांनी गळ घातली, जरा सौम्य करा. एंगेल्सने नाखुशीने काही वाक्यं गाळू दिली. मग 'फोरवर्ट्स' या पक्षाच्याच मुखपत्राने आपल्याला सोयीचे तेवढे उतारे छापले. चौऱ्याहत्तर वर्षांचा एंगेल्स भडकला. मला काहीही झालं तरी कायद्याची पूजा करणारा शांततावादी म्हणून उभं केलंय, अशा आशयाचं पत्र त्याने १ एप्रिल १८९५ ला काउत्स्कीला लिहिलं. ऑगस्टमध्ये तो वारला. गाळलेली वाक्यं उजेडात यायला क्रांतीनंतरचं मॉस्को उजाडावं लागलं.

मधल्या काळात काय झालं ते बघा. चारच वर्षांनी बर्नस्टाइनने आपल्या पुस्तकात याच प्रस्तावनेचा आधार घेतला. आणि ३१ डिसेंबर १९१८ ला, जर्मन कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापना-अधिवेशनातल्या भाषणात, रोझाने याच प्रस्तावनेवर बोट ठेवून संसदेच्या नादी लागण्याचं मूळ तिच्यात शोधलं. तिच्या हातात छापील, म्हणजे कापलेलाच मजकूर होता. पंधरा दिवसांनी तिचा खून झाला. सुधारणा की क्रांती, हा तुमच्या वर्गातला पहिला मोठा वाद. त्यातला एक महत्त्वाचा पुरावा पक्षाच्या कार्यालयातच कातरला गेला होता, हे किती जणांना सांगितलंत?

बर्नस्टाइनचंही तसंच. 'अंतिम ध्येय माझ्या लेखी काही नाही, चळवळ हेच सर्वस्व' या अर्थाचं त्याचं एक वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि तेवढ्यावर त्याचा निकाल लागतो. माणूस कोण होता? बिस्मार्कच्या समाजवादीविरोधी कायद्यापायी परागंदा झालेला संपादक, आणि एंगेल्सने आपली कागदपत्रं ज्या दोघांच्या हवाली केली त्यांतला एक. जर्मन पक्षाच्या १८९१ च्या एर्फुर्ट कार्यक्रमाचा तात्त्विक भाग काउत्स्कीने लिहिला, व्यावहारिक मागण्यांचा भाग बर्नस्टाइनने. पहिल्या भागात भांडवलशाही अटळपणे कोसळणार होती, दुसऱ्या भागात आठ तासांचा दिवस आणि मताधिकार होता, आणि दोहोंच्या मध्ये पूल नव्हता. ही फट बर्नस्टाइनने १८९६ नंतर उघडपणे बोलून दाखवली : तुम्ही वागता सुधारणावाद्यांसारखे, मग तसं म्हणा तरी. त्यावर पक्षाचे सचिव इग्नाझ आउअर यांनी त्याला कळवलं की अशा गोष्टी बोलायच्या नसतात, करायच्या असतात. मला विचाराल तर या एका पत्रात दुसऱ्या इंटरनॅशनलचा, म्हणजे समाजवादी पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, पुढचा सगळा इतिहास आहे, आणि ते बर्नस्टाइनच्या विरोधकांपेक्षा त्याच्या मित्रांना जास्त उघडं पाडतं.

त्याचे मुद्दे तपासता येण्याजोगे होते. मधले थर नाहीसे होत नाहीत, भागधारक वाढतायत, पतव्यवस्था आणि कार्टेल, म्हणजे कंपन्यांची आपसांतली संगनमतं, यांमुळे अरिष्टांची धार बोथट होते. पहिल्यात तो बराचसा बरोबर निघाला. अरिष्टांच्या बाबतीत साफ चुकला. तो १९३२ च्या डिसेंबरात गेला, म्हणजे १९२९ ची मंदी त्याने डोळ्यांनी पाहिली. पत अरिष्ट टाळत नाही, ती ते ताणून आणखी खोल करते, असं रोझाने त्याला दिलेलं उत्तर आजही वाचताना ताजं वाटतं. पण ते ताजं वाटायला आधी प्रश्न कळायला हवा ना?

आणि शिक्क्यांचं म्हणाल तर १९१४ ने ते कसे उधळून लावले तेही वर्गात येऊ द्या. जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे १९१२ पासून राइशटागमध्ये ११० सदस्य होते. ३ ऑगस्ट १९१४ ला त्यांच्या गटाच्या बैठकीत युद्धकर्जाच्या बाजूने ७८, विरुद्ध १४ मतं पडली आणि दुसऱ्या दिवशी शिस्त म्हणून सगळ्यांनी एकगठ्ठा पाठिंबा दिला. पक्षात डाव्या टोकाला गणले जाणारे लेन्श आणि हेनिश थोड्याच दिवसांत युद्धाचे कट्टर समर्थक झाले. दुरुस्तीवादी बर्नस्टाइनने आधी इतरांसारखाच हात वर केला, पण जून १९१५ मध्ये त्याने काउत्स्की आणि पक्षनेता हासे यांच्याबरोबर युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. एप्रिल १९१७ मध्ये गोथा इथे स्वतंत्र सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निघाला तेव्हा त्यात काउत्स्की होता, बर्नस्टाइन होता, आणि आपली वेगळी ओळख राखून रोझाचा स्पार्टाकस गटही होता. रोझा स्वतः तुरुंगात होती. त्याआधीच्या वीस वर्षांत ज्या तिघांनी एकमेकांची सालं काढली ते तिघं एका पक्षात. तुमच्या फळ्यावरच्या तीन रकान्यांत हे कुठे बसवणार?

आता व्हेरा झासुलिचचं पत्र. हे मी प्रत्येक वर्गात पहिल्याच दिवशी वाचायला लावेन.

फेब्रुवारी १८८१ मध्ये झासुलिच या रशियन क्रांतिकारक बाईने जिनिव्हाहून मार्क्सला लिहिलं. रशियातले तुमचे अनुयायी म्हणवणारे लोक सांगतात की आमची ग्रामसमुदायाची सामाईक जमीनधारणा मरणारच, भांडवलशाहीतून गेल्याखेरीज सुटका नाही. हा आमच्या जगण्यामरणाचा प्रश्न आहे. तुमचं मत काय? मार्क्सने उत्तराचे चार मसुदे केले. काही लांबलचक, खोडाखोड केलेले, पुन्हा सुरू केलेले. शेवटी ८ मार्चला धाडलं ते उत्तर अगदी त्रोटक. त्यात त्याने म्हटलं की 'भांडवल'मध्ये दाखवलेली अटळता पश्चिम युरोपच्या देशांपुरतीच, आणि हे तो तिथे स्पष्ट म्हणालाय. त्या ग्रंथात ग्रामसमुदायाच्या बाजूनेही पुरावा नाही आणि विरुद्धही नाही. मात्र वेगळा अभ्यास केल्यावर त्याची खात्री झाली होती की चहूबाजूंनी होणारे आघात दूर झाले तर हा समुदाय रशियाच्या सामाजिक पुनर्जन्माचा आधार होऊ शकेल.

हे पत्र झासुलिच आणि तिच्या सहकाऱ्यांनी छापलं नाही. दोनच वर्षांनी, १८८३ मध्ये, प्लेखानोव्ह, अ‍ॅक्सेलरोद आणि झासुलिच यांनी 'श्रममुक्ती गट' काढला. रशियाला भांडवलशाहीतून जावंच लागेल, हा त्या गटाचा पाया. पुढे मार्क्सच्या लिखाणाचा अभ्यासक डेव्हिड रियाझानोव्हला हे मसुदे मार्क्सचा जावई लाफार्ग याच्या कागदांत सापडले. त्याने प्लेखानोव्हला विचारलं, झासुलिचला विचारलं, असं काही पत्र आलं होतं का? दोघांनाही आठवेना. पत्र अखेर अ‍ॅक्सेलरोदच्या दप्तरात मिळालं आणि १९२४ साली छापून आलं. तेव्हा लेनिन वारला होता, क्रांतीला सात वर्षं झाली होती.

यात कुणी बदमाशी केली असं मला म्हणायचं नाही. विसरले असतील, नकोशी गोष्ट माणूस सहज विसरतो. पण परिणाम बघा. डिसेंबर १९१७ मध्ये इटलीतल्या सव्वीस वर्षांच्या अंतोनिओ ग्राम्शीने बोल्शेविकांच्या क्रांतीला 'भांडवल'विरुद्ध क्रांती म्हटलं, म्हणजे मार्क्सच्या ग्रंथाविरुद्ध. लेख आनंदाने लिहिलेला आहे, पण गृहीत तेच : ग्रंथाप्रमाणे रशियात आधी भांडवलशाही पिकायला हवी होती. तसं काही मार्क्सला अभिप्रेत नव्हतं, याचा कागद तेव्हा एका दप्तरात पडून होता. रशियातल्या लेनिनविरोधी मेन्शेविकांचा टप्प्याटप्प्यांचा सिद्धांत, मध्ये न थांबता समाजवादापर्यंत जाणारी ट्रॉट्स्कीची अखंड क्रांती, पेरूमध्ये मारियातेगीने स्थानिक मूलनिवासींच्या सामूहिक जमिनीकडे वळवलेलं लक्ष, माओने १९२७ मध्ये हुनानच्या शेतकऱ्यांत शोधलेली क्रांतीची ताकद : हे सगळे प्रवाह या एका प्रश्नाभोवती उलगडून सांगता येतात. मागास म्हटल्या जाणाऱ्या देशाने सगळ्या पायऱ्या चढायच्या की नाही? कॉमिन्टर्नच्या, म्हणजे कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, १९२० च्या दुसऱ्या अधिवेशनात लेनिन आणि मानवेंद्रनाथ रॉय वसाहतींमधल्या भांडवलदारांवर किती विसंबायचं यावर भांडले, तेही याच प्रश्नाचं पोटभांडण होतं. अधिवेशनाने लेनिनचा मसुदा आणि रॉयचा दुरुस्त केलेला पूरक मसुदा, दोन्ही मंजूर केले. तेव्हा असं करता येत असे.

कुणाच्या हातात कोणतं पान होतं, हे प्रवाह शिकवताना सांगितलंच पाहिजे. परात्मतेची, म्हणजे माणसाच्या दुरावलेपणाची, चर्चा करणाऱ्या मार्क्सच्या १८४४ च्या टिपणवह्या पूर्ण स्वरूपात छापल्या गेल्या १९३२ मध्ये. 'जर्मन विचारसरणी'ही त्याच वर्षी. 'भांडवल'आधीची टिपणं, 'ग्रुंडरिसं', १९३९ ते १९४१ च्या दरम्यान, ऐन युद्धात. म्हणजे यातलं काहीच लेनिनने किंवा रोझाने वाचलेलं नव्हतं. माणसाच्या दुरावलेपणावर बोलणारा 'तरुण मार्क्स' आणि 'भांडवल'चा 'शास्त्रज्ञ मार्क्स' यांच्यातलं भांडण, ज्यात १९६५ साली फ्रेंच तत्त्वज्ञ अल्थुसरने १८४५ च्या आसपास रेघ ओढून तरुण मार्क्सला पलीकडे ठेवलं, ते १९३२ आधी उभंच राहू शकलं नसतं. हंगेरीच्या लुकाचची गोष्ट तर चटका लावणारी. १९२३ च्या पुस्तकात त्याने केवळ 'भांडवल'मधल्या क्रयवस्तूच्या विवेचनातून हा दुरावलेपणाचा धागा ताडला, आणि १९२४ मध्ये झिनोव्हिएव्हने कॉमिन्टर्नच्या व्यासपीठावरून त्याला आणि जर्मन विचारवंत कोर्शला 'प्राध्यापक' म्हणून झोडपलं. पुढे हस्तलिखितं निघाली तेव्हा लुकाच नेमका मॉस्कोच्या त्याच संस्थेत काम करत होता, जिथे ती वाचली जात होती. आणि ती संस्था उभारणारा रियाझानोव्ह? त्याला १९३१ मध्ये अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळ्या घालून मारलं.

१९०३ सालची फूट तुम्ही 'क्रांतिकारक पक्ष की ढिला पक्ष' अशी शिकवता. एवढ्याने भागत नाही. रशियन पक्षाचं दुसरं अधिवेशन आधी ब्रसेल्स आणि मग लंडनमध्ये भरलं. भांडण घटनेच्या पहिल्या कलमावर झालं. लेनिनच्या मते सभासद तो, जो कार्यक्रम मान्य करतो, पैसा देतो आणि पक्षाच्या एखाद्या संघटनेत स्वतः भाग घेतो. मार्तोव्हच्या मते तो, जो एखाद्या संघटनेच्या मार्गदर्शनाखाली नियमित मदत करतो. फरक केसाएवढा वाटतो. मतदान झालं, मार्तोव्हचं कलम २८ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झालं. लेनिन हरला! त्यानंतर वेगळ्याच मुद्द्यांवर ज्यू कामगारांच्या बुंदचे पाच आणि 'अर्थवादी' (लढा आर्थिक मागण्यांपुरता ठेवू पाहणारे) दोन असे सात प्रतिनिधी बाहेर पडले, पारडं फिरलं, आणि 'इस्क्रा' या पक्षाच्या वृत्तपत्राचं संपादक मंडळ सहावरून तिघांवर आणण्याच्या वादात लेनिनची बाजू बहुमतात आली. म्हणून ते बोल्शेविक, म्हणजे बहुमतवाले, आणि मार्तोव्हची बाजू मेन्शेविक, म्हणजे अल्पमतवाले. त्या खोलीत बसलेल्या कुणालाही वाटलं नसेल की यावर पुढची शंभर वर्षं माणसं एकमेकांना ओळखणार आहेत.

कामगारांत समाजवादी जाणीव बाहेरून न्यावी लागते, हा विचार तुम्ही लेनिनच्या नावावर शिकवता. 'काय करावे?'मध्ये लेनिनने तो चक्क काउत्स्कीचा लांब उतारा देऊन मांडलाय. म्हणजे त्या वेळचा काउत्स्की वाचल्याशिवाय १९०२ चा लेनिनही कळत नाही, १९१८ चं भांडण तर दूरच.

त्या १९१८ च्या भांडणावर थोडं थांबतो, कारण माझ्या मते अभ्यासवर्गाचा खरा कस इथे लागतो. जानेवारीत रशियाची संविधानसभा बरखास्त झाली. त्याच वर्षी काउत्स्कीने 'श्रमिकांची हुकूमशाही' ही पुस्तिका लिहिली : लोकशाहीवाचून समाजवादाची कल्पनाच करता येत नाही, मार्क्सने हुकूमशाही म्हटलं ते एका स्थितीला, शासनाच्या पद्धतीला नव्हे, आणि अल्पमताची सत्ता यादवीखेरीज टिकत नाही. लेनिनने त्यावर तुटून पडून विचारलं, लोकशाही कुठल्या वर्गासाठी? पॅरिस कम्यूनचं नाव घेता आणि जुनी राज्ययंत्रणा मोडण्याचा भाग गाळता? दोघांचाही युक्तिवाद भक्कम आहे, दोघांच्याही हातात मार्क्स आहे. आणि त्याच वर्षी तुरुंगात बसून रोझाने लिहिलं की लेनिन-ट्रॉट्स्की आणि काउत्स्की यांची मूळ चूक एकच, दोघंही हुकूमशाही आणि लोकशाही एकमेकींविरुद्ध उभ्या करतात. वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य म्हणजेच स्वातंत्र्य, हे तिचं गाजलेलं वाक्य याच हस्तलिखितातलं, तेही समासात लिहिलेलं. छापलं गेलं १९२२ मध्ये, ती गेल्यावर. माझा कौल विचाराल तर त्या तिघांत तिला. पण संविधानसभा पुन्हा बोलावली असती तर क्रांती टिकली असती का, या प्रश्नाला तिच्याकडेही धड उत्तर नव्हतं, आणि बाहेर आल्यावर जर्मनीत तिने स्वतः निवडून येणाऱ्या राष्ट्रीय संविधानसभेऐवजी कामगार-सैनिकांच्या परिषदांची बाजू घेतली. हे सगळं एका बैठकीत ठेवून बघा. वर्ग जागा होईल.

प्रत्येक वादाला 'विचारप्रवाह' म्हणून मान द्यायचीही गरज नाही. एका देशात समाजवाद हे उदाहरण घ्या. एप्रिल १९२४ च्या व्याख्यानांत स्टालिनने लिहिलं होतं की समाजवादाच्या अंतिम विजयासाठी एका देशाचे, त्यातही शेतकरीबहुल रशियाचे, प्रयत्न अपुरे आहेत. वर्ष संपेपर्यंत तो मजकूर बदलला आणि उलटा सिद्धांत पुढे आला. तोवर जर्मनीतून मदतीची आशा मावळली होती आणि ट्रॉट्स्कीशी झुंज पेटली होती. धोरण म्हणून त्यामागे कारणं होती. एकटं पडलेलं राज्य आणखी करणार काय, हे विचारण्यात दम आहे. पण धोरणाला आधी सिद्धांत आणि मग धर्मशास्त्र केलं की पुढचा वाद पुस्तकांत होत नाही, कोठडीत होतो. बुखारिन आणि प्रिओब्राझेन्स्की यांनी वीसच्या दशकात शेतीतून उद्योगासाठी किती ओढून घ्यायचं यावर घातलेला वाद मार्क्सवादी अर्थशास्त्रातला मला सर्वांत सरस वाटतो. दोघांनाही स्टालिनच्या राजवटीने संपवलं, आणि प्रिओब्राझेन्स्कीच्या योजनेहून कितीतरी क्रूर गोष्ट अमलात आणली.

तुमच्यातल्या विद्यापीठातून येणाऱ्या कॉम्रेड्सशीही दोन शब्द. तुम्ही शिक्के मारत नाही, हे खरं. तुम्ही उलट करता, राजकारण गाळता. तुमच्या व्याख्यानातला ग्राम्शी हा धुरीणत्व (म्हणजे संमतीतून चालणारं वर्चस्व), संस्कृती आणि बुद्धिजीवी यांवर टिपणं काढणारा सौम्य माणूस असतो. १९१९-२० मध्ये तुरिनच्या कारखान्यांतल्या परिषदांचा ग्राम्शी, पक्षाचा सरचिटणीस ग्राम्शी, ऑक्टोबर १९२६ मध्ये रशियन पक्षाला 'तुम्ही आपल्याच हाताने आपलं काम उद्ध्वस्त करताय' असं बजावणारा ग्राम्शी कुठे जातो? ते पत्र मॉस्कोत इटालियन पक्षाचा तिथला प्रतिनिधी तोल्यात्तीने पुढे जाऊ दिलं नाही. काही आठवड्यांत ग्राम्शीला अटक झाली. मुसोलिनीच्या न्यायासनाने त्याला वीस वर्षं, चार महिने, पाच दिवसांची शिक्षा ठोठावली. तुरुंगातल्या वह्या या पराभवाची चिकित्सा आहेत. पश्चिमेत क्रांती का फसली, हा त्यांचा प्रश्न. तो काढून घेतला की उरतात नुसत्या संज्ञा. फ्रँकफर्टवाल्यांनाही हेच लागू : त्यांच्या निराशेची टिंगल करण्याआधी १९३३ मध्ये युरोपातला सर्वांत संघटित कामगारवर्ग कसा मोडून पडला, ते समोर ठेवा.

अर्थशास्त्रातले वाद तुम्ही बहुधा टाळता, अवघड म्हणून. उलट तिथेच मजा आहे, कारण ते हात वर करून सुटत नाहीत. अरिष्ट येतं ते माल खपत नाही म्हणून, की नफ्याचा दर घसरतो म्हणून? 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात दोन्हींना आधार सापडतो, आणि तो खंड तर एंगेल्सने अपुऱ्या हस्तलिखितांवरून १८९४ मध्ये जुळवलेला. रोझाने १९१३ मध्ये म्हटलं, भांडवलशाहीला बाहेरची बाजारपेठ लागतेच. जपानच्या नोबुओ ओकिशिओने १९६१ मध्ये गणिताने दाखवलं की खरी मजुरी कायम राहिली तर खर्च कमी करणारं तंत्र नफ्याचा सर्वसाधारण दर वाढवतं, घटवत नाही. त्यावर अजून शाई वाळलेली नाही. आणि १९७२ नंतर मारियारोझा दाल्ला कोस्ता आणि तिच्या मैत्रिणींनी विचारलं की श्रमशक्ती रोज ताजी करून देणारं घरातलं काम या हिशेबात कुठे आहे, तेव्हा दोन्ही बाजूंचे पुरुष एकदम गप्प झाले. तो प्रश्न तुमच्या फळ्यावर अजून 'स्त्रीप्रश्न' या वेगळ्या तासाला जातो.

यावर तुमचं म्हणणं मी ऐकून आहे. नव्या कार्यकर्त्याला एवढ्या फाट्यांत नेलं तर तो गोंधळेल, कामाला लागणार नाही. १९०७ चं दुसऱ्या इंटरनॅशनलचं स्टुटगार्ट अधिवेशन आठवा. युद्ध आलंच तर त्या संकटाचा उपयोग भांडवली सत्ता लवकर उलथवायला करायचा, ही दुरुस्ती रोझा, लेनिन आणि मार्तोव्ह या तिघांनी मिळून आणली आणि अख्ख्या इंटरनॅशनलने एकमताने मान्य केली. सात वर्षांनी तिचं काय झालं ते वर आलंच आहे. एकमुखाने म्हटलेलं वाक्य आतून कुणी तपासलं नव्हतं. गोंधळ तेव्हा झाला असता तर बरं झालं असतं. आणि लेनिनचाच दाखला हवा असेल तर तोही आहे : १९२२ मध्ये रोझाच्या चुका एकेक मोजल्यावर त्याने तिला गरुड म्हटलं आणि तिचं समग्र लिखाण छापायला दिरंगाई करणाऱ्या जर्मन कम्युनिस्टांना तिथल्या तिथे फटकारलं. चुका मोजणारी ओळ तुम्ही उचललीत, पुढची तशीच राहिली.

मग पुढचा वर्ग असा लावता येईल. पहिल्या दिवशी झासुलिचचं पत्र आणि मार्क्सचं उत्तर. दोन्ही मिळून मोजकी पानं आहेत, मोठ्याने वाचून होतात. मसुद्यांतली एखादी खोडलेली जागा दाखवता आली तर दाखवा. दुसऱ्या दिवशी काउत्स्कीची १९१८ ची पुस्तिका, निदान तिची पहिली काही प्रकरणं, आणि ती मांडायला असा कॉम्रेड निवडा ज्याला ती अजिबात पटत नाही. लेनिनचं उत्तर त्याच दिवशी काढू नका. मध्ये एक रात्र जाऊ द्या, आणि काउत्स्कीला काय उत्तर द्यायचं ते वर्गाला आधी स्वतः लिहून आणायला सांगा.

आपला,
मागच्या बाकावरचा एक श्रोता